रानअळंबी : ओळख, नोंद आणि मर्यादित संकलन

मोसमी पावसाच्या पहिल्या सरी पडल्या, की वनालगतच्या गावांतून पहाटेच टोपल्या घेऊन रानाकडे निघालेल्या स्त्रिया दिसू लागतात. घरातील धान्य संपत आलेले असते आणि नवे पीक हाती येण्यास तीन-चार महिन्यांचा अवकाश असतो. या मधल्या काळात रानभाज्या, कंद आणि अळंबी यांचा कुटुंबाला मोठा आधार होतो. अळंबीचा हंगाम काही आठवड्यांचाच असला, तरी त्यातून घरात सकस अन्न येते आणि आठवडी बाजारात रोख पैसाही मिळतो.

परंतु हेच अन्न जिवावरही बेतू शकते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानअळंबी खाल्ल्यानंतर झालेल्या विषबाधेत १३ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी बहुतेक चहामळ्यांतील कुटुंबांतील होते. २००८ च्या वसंतातही वरच्या आसामात वीसहून अधिक बळी गेले होते. अळंबी खाण्याची परंपरा असलेल्या समाजांत असे का घडावे आणि ते कसे टाळता येईल, हा केवळ वैद्यकीय प्रश्न नाही. पारंपरिक ज्ञानाची नोंद, वनहक्क आणि स्थानिक पातळीवरील लोकशिक्षण यांच्याशी तो जोडलेला आहे. त्या दृष्टीने रानअळंबी शोधणे, तिचे छायाचित्र घेणे आणि ती गोळा करणे या तीन क्रियांचा एकत्रित विचार व्हायला हवा.

अळंबी म्हणजे काय?

अळंबी ही वनस्पती नव्हे. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी मांडलेल्या पाच सृष्टींच्या वर्गीकरणात बुरशींना स्वतंत्र स्थान मिळाले. जमिनीवर दिसणारी छत्री हे बुरशीचे जणू फळ होय. खरी बुरशी मातीत, कुजलेल्या लाकडात किंवा झाडांच्या मुळांभोवती सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याच्या रूपात वर्षभर जिवंत असते. ओलावा आणि तापमान अनुकूल झाले, की हे जाळे छत्र वर काढते, त्यातून असंख्य बीजाणू वाऱ्यावर सोडते आणि काही दिवसांत ते छत्र विरून जाते.

अन्न मिळविण्याच्या पद्धतीनुसार अळंबीचे स्थूलमानाने तीन गट करता येतात. पहिला गट पालापाचोळा व मृत लाकूड कुजविणाऱ्या बुरशींचा. दुसरा गट जिवंत झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करणाऱ्या बुरशींचा. या बुरशी झाडाला पाणी व खनिजे पुरवितात आणि झाडाकडून शर्करा घेतात. साल, देवदार, चीड, ओक यांच्या वनांत अशा अनेक जाती आढळतात. तिसरा गट वाळवीच्या वारुळात वाढणाऱ्या बुरशींचा. अळंबी कोठे शोधावी याचे उत्तर या भेदांतच आहे. म्हणूनच अनुभवी संकलक प्रथम झाड, माती आणि वारूळ पाहतो आणि नंतर छत्री शोधतो.

प्रदेशागणिक वेगळा हंगाम

हिमालयात हंगामाची सुरुवात वसंतात होते. बर्फ वितळू लागल्यावर, साधारणतः मार्च ते मे या काळात, काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या वनांत गुच्छी उगवते. मधाच्या पोळ्यासारखी खाचा असलेली ही अळंबी मॉर्केला या वंशातील आहे. ती दोऱ्यात ओवून चुलीच्या उबेवर किंवा उन्हात वाळवितात. वाळलेल्या गुच्छीला किलोमागे हजारो रुपये भाव मिळतो. मात्र ताज्या अळंबीत सुमारे नऊ-दशांश पाणी असल्याने एक किलो वाळलेल्या मालासाठी जवळजवळ दहा किलो ताजी गुच्छी वेचावी लागते. गुच्छी कच्ची खाल्ल्यास बाधते. ती पूर्ण शिजवूनच खावी लागते.

ईशान्य भारतात वसंतातील पावसापासूनच अळंबी बाजारात येऊ लागते. मणिपुरात ‘कांगलायेन’ या नावाने ओळखली जाणारी, लाकडावर वाढणारी शिझोफायलम कम्यून ही लहान पंख्याच्या आकाराची अळंबी विशेष लोकप्रिय आहे. इतरत्र तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. एकाच जातीकडे पाहण्याची प्रदेशागणिक भिन्न दृष्टी यावरून स्पष्ट होते.

झारखंड, छत्तीसगड आणि लगतच्या सालवनांत जून-जुलैमध्ये मिळणारी अळंबी तर छत्रीसारखी नसतेच. झारखंडात ‘रुगडा’ आणि बस्तरमध्ये ‘बोडा’ या नावांनी ती प्रसिद्ध आहे. सुपारीएवढे हे गोळे सालच्या मुळांशी संबंध ठेवून मातीच्या वरच्या थरात वाढतात. पहिल्या पावसानंतर जमिनीला गेलेली बारीक भेग किंवा आलेला उंचवटा पाहून स्त्रिया काठीने माती हलकेच उकरतात. अॅस्ट्रेअस हायग्रोमेट्रिकस हे त्यातील प्रमुख जातीचे शास्त्रीय नाव. गोळा जून झाल्यावर त्याचे बाह्य कवच चांदणीप्रमाणे फाकते आणि हवेतील ओलाव्यानुसार उघडते-मिटते. खाण्यासाठी आत पांढरा असलेला कोवळा गोळा पसंत केला जातो. श्रावणात मांसाहार वर्ज्य करणाऱ्या कुटुंबांत रुगड्याला विशेष मागणी असते.

पश्चिम घाट, कोकण, गोवा आणि विदर्भाच्या वनांत मात्र वारुळावरील अळंबीला मान आहे. विदर्भाच्या पूर्व भागात तिला ‘सात्या’ म्हणतात, तर गोव्यात ‘अळमी’ म्हणतात. टर्मिटोमायसिस या वंशाच्या या जाती वाळवीच्या शेतीतून उगवतात, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. वाळवी लाकूड व पाने चघळून त्यांचे स्पंजासारखे थर रचते. त्यावर वाढणारी बुरशी कठीण काष्ठद्रव्याचे विघटन करते आणि वाळवी त्या अन्नावर जगते. सुमारे तीन कोटी वर्षे चालत आलेल्या या सहजीवनाची नक्कल माणसाला अद्याप व्यापारी प्रमाणावर साधलेली नाही. धिंगरी किंवा बटन अळंबीप्रमाणे या अळंबीची लागवड होत नाही. वारूळ मोडले, की उत्पन्न संपते.

ज्ञान स्थळाशी बांधलेले

या वर्णनावरून एक गोष्ट लक्षात येते. अळंबीचे ज्ञान सार्वत्रिक नियमांच्या रूपात नसते. कोणत्या झाडाखाली, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या मातीत कोणती जात उगवते, हे ते ज्ञान असते आणि ते त्या स्थळापुरतेच खरे असते. माणसे स्थलांतरित झाली, की डोळ्यांना ओळखीचे वाटणारे रूप नव्या भूमीत भलत्याच जातीचे असू शकते.

याची उदाहरणे परदेशांतही आहेत. आशियातील अनेक देशांत भाताच्या पेंढ्यावरील व्होल्व्हारिएला ही अळंबी आवडीने खाल्ली जाते. तिच्या कोवळ्या रूपाशी अमानिटा फॅलॉइड्स या अत्यंत विषारी अळंबीचे साम्य आहे. अमेरिका व ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आशियाई कुटुंबांत या साम्यामुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. २०१२ च्या प्रारंभी कॅनबेरा येथे अशी अळंबी खाल्ल्याने दोघांचा मृत्यू झाला. ही विषारी जात ऑस्ट्रेलियातील मूळची नसून युरोपीय ओक वृक्षांबरोबर तेथे पोहोचली. म्हणजे माणसाबरोबर कधी झाडही स्थलांतर करते आणि झाडाबरोबर बुरशीही.

आसामच्या चहामळ्यांतील अनेक कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटानागपूर आणि मध्य भारताच्या अन्य वनप्रदेशांतून तेथे आणले गेले. सालवनात घडलेली नजर आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील वन यांत मोठे अंतर आहे. प्रतिबंधाचा विचार करताना हे अंतर ध्यानात घ्यायला हवे. ‘रानअळंबी खाऊ नका’ एवढ्या सूचनेने गरीब कुटुंबाची गरज भागत नाही. त्या परिसरातील विषारी जाती कोणत्या, त्या कशा दिसतात आणि केव्हा उगवतात, हे तेथल्याच भाषेत आणि तेथल्याच छायाचित्रांसह सांगावे लागते.

विषाचे स्वरूप आणि रूढ गैरसमज

प्राणघातक विषबाधांपैकी बहुतेक अमानिटा वंशातील काही जातींमुळे होतात. त्यांतील अमाटॉक्सिन हे विष शिजविल्याने, वाळविल्याने किंवा खारविल्याने नष्ट होत नाही. त्याची सर्वांत मोठी फसवणूक म्हणजे विलंब. खाल्ल्यानंतर साधारणतः सहा ते चोवीस तास कोणताही त्रास जाणवत नाही. नंतर तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढे एखादा दिवस रुग्णाला बरे वाटू लागते आणि नातेवाईक निश्चिंत होतात. प्रत्यक्षात याच काळात यकृताचा नाश सुरू असतो. म्हणून अळंबी खाल्ल्यानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा त्रास सुरू झाला, तर ते अधिक गंभीर लक्षण मानावे.

अशा प्रसंगी घरगुती उपायांत वेळ न दवडता, ज्यांनी ज्यांनी ती अळंबी खाल्ली त्या सर्वांना, लक्षणे नसली तरी, तातडीने रुग्णालयात न्यावे. शिल्लक राहिलेली कच्ची अथवा शिजविलेली अळंबी कागदात गुंडाळून बरोबर न्यावी. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून डॉक्टरांना अहोरात्र मार्गदर्शन मिळू शकते.

विषारी अळंबी ओळखण्याच्या अनेक खुणा लोकांत रूढ आहेत. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तर अळंबी विषारी, किड्यांनी कुरतडलेली असेल तर निर्धोक, पांढरी असेल तर चांगली आणि रंगीत असेल तर वाईट, अशा त्या खुणा होत. यांपैकी एकही विश्वासार्ह नाही. अमानिटाच्या काही प्राणघातक जाती शुभ्र पांढऱ्या असतात आणि गोगलगायी व अळ्या त्या निर्धास्तपणे खातात. विषारी अळंबीला नुसता हात लागल्याने मात्र विषबाधा होत नाही. त्यामुळे निरीक्षणासाठी ती हाताळण्यास भिण्याचे कारण नाही.

छायाचित्र : कशासाठी आणि कसे

भ्रमणध्वनीतील कॅमेरा आता खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. रानअळंबीच्या अभ्यासासाठी हे उपयुक्त साधन आहे. मात्र त्याची मर्यादा प्रथम समजून घ्यायला हवी. छायाचित्रावरून, ते तज्ज्ञाने पाहिलेले असो वा एखाद्या संगणकीय प्रणालीने, अळंबी खाण्यायोग्य आहे असा निर्णय कधीही करू नये. छायाचित्राचे काम नोंदीचे आहे.

वरून घेतलेले एकच सुंदर छायाचित्र ओळखीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरते. एका अळंबीची किमान पाच छायाचित्रे घ्यावीत. पहिले, ती उगवली त्या जागेचे, म्हणजे झाड, पालापाचोळा वा वारूळ दिसेल असे. दुसरे, छत्राच्या वरच्या पृष्ठाचे. तिसरे, छत्राखालच्या पातळ पापुद्र्यांचे किंवा छिद्रांचे. चौथे, दांड्याचे व त्याच्या तळाचे. पाचवे, उभ्या चिरलेल्या अळंबीच्या आतल्या भागाचे. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी. कॅमेरा जमिनीलगत धरावा, झगझगीत प्रकाशझोत टाळावा आणि नैसर्गिक उजेडातच छायाचित्र घ्यावे, म्हणजे रंग खरे उमटतात.

यांतील चौथे छायाचित्र सर्वांत महत्त्वाचे. अमानिटाच्या विषारी जातींच्या दांड्याच्या तळाशी पिशवीसारखा पेला असतो आणि तो बहुधा मातीत दडलेला असतो. अळंबी वरच्या वर खुडली, तर ही खूण मातीतच राहून जाते. वारुळावरील अळंबीचा दांडा याउलट मुळासारखा निमुळता होत खोल वारुळापर्यंत गेलेला असतो. म्हणून अनोळखी जातीचा एखादा नमुना तळाभोवतीची माती सुरीने सैल करून अखंड काढावा. शास्त्रीय नोंदीसाठी असे एक-दोन नमुने पुरेसे होतात.

छायाचित्राला बीजाणूंच्या ठशाची जोड द्यावी. छत्र दांड्यापासून वेगळे करून, पापुद्रे खाली येतील अशा रीतीने, अर्धे पांढऱ्या व अर्धे काळ्या कागदावर ठेवून वाटीखाली रात्रभर झाकावे. सकाळी कागदावर बीजाणूंचा रंग उमटतो. कुरणांत व बागांत उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही अळंबी दिसायला पांढरी व भरदार असते. तिचे कोवळे पापुद्रेही पांढरेच असतात आणि ती खाल्ल्यास काही तासांतच तीव्र उलट्या होतात. तिचा ठसा मात्र हिरवट येतो. वारुळावरील अळंबीचा ठसा गुलाबीसर, तर अमानिटाचा पांढरा असतो. हा ठसा ओळख पटविण्यास मदत करतो, पण केवळ त्यावर विसंबून अळंबी खाऊ नये.

प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, ठिकाण, जवळचे झाड, वास, चिरल्यावर बदलणारा रंग आणि स्थानिक नाव लिहावे. स्थानिक नाव ही या नोंदीतील सर्वांत मोलाची बाब होय. ती सांगणाऱ्या व्यक्तीची संमती घेऊनच नोंदवावी. मौल्यवान जातींच्या नेमक्या जागा जाहीर करू नयेत, अन्यथा बाहेरच्या व्यापाऱ्यांची धाड पडते आणि ज्याने माहिती दिली त्याचीच उपजीविका हिरावली जाते.

संकलनाची शिस्त

गोळा करण्याचा पहिला नियम म्हणजे गावातील जाणत्या व्यक्तीने प्रत्यक्ष पाहून ओळख पटविल्याशिवाय कोणतीही अळंबी टोपलीत टाकू नये. संशय आला, तर सोडून द्यावी. वेगवेगळ्या जाती एकाच टोपलीत मिसळू नयेत. पळसाच्या किंवा सागाच्या पानांत त्या स्वतंत्र बांधाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजून लवकर सडते आणि सडलेली खाद्य अळंबीही बाधते. म्हणून वेताची वा बांबूची टोपली उत्तम. कारखाने, महामार्ग आणि कीटकनाशके फवारलेली शेते यांच्या आसपासची अळंबी घेऊ नये, कारण बुरशी जड धातू शोषून घेतात.

अळंबी वेचल्याने ती नष्ट होते काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९७५ ते २००३ या २९ वर्षांत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित वेचणीमुळे पुढील वर्षांच्या उत्पन्नात घट आढळली नाही. माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली गेल्यावर मात्र अळंबीची संख्या कमी झाली. तेथील हवामान व वने भिन्न असली, तरी यातील मर्म येथेही उपयोगी आहे. फळ तोडण्याने झाड मरत नाही, पण मुळांवर घाव घातल्यास मरते. वारूळ फोडणे, रुगड्यासाठी मोठे क्षेत्र खणून काढणे, साल वृक्ष तोडणे हे मुळांवरील घाव होत. अगदी कोवळ्या कळ्या आणि पूर्ण उमललेली जून छत्रे सोडून द्यावीत. पहिल्यांत नेमकी ओळख पटत नाही आणि दुसरी बीजाणू पसरविण्यासाठी आवश्यक असतात.

कायद्याची चौकट आणि ग्रामसभा

वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ ने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली आहे. १९९६ च्या पेसा अधिनियमानेही अनुसूचित क्षेत्रांत ही मालकी ग्रामसभेकडे सोपविली आहे. २००६ च्या अधिनियमातील व्याख्या वनस्पतिजन्य वनोपजाची असून तीत बांबू, मध, लाख, तेंदूपाने, कंद आदींचा उल्लेख आहे. अळंबीचे नाव स्वतंत्रपणे आलेले नाही आणि शास्त्रदृष्ट्या ती वनस्पतीही नाही. म्हणूनच ग्रामसभांनी आपल्या दाव्यांत आणि व्यवस्थापन आराखड्यांत अळंबीचा नावानिशी समावेश करणे हिताचे ठरेल. हक्क नसलेल्या पर्यटकांनी व हौशी अभ्यासकांनी वनविभागाच्या आणि ग्रामसभेच्या परवानगीविना अळंबी गोळा करू नये. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांत तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे निर्बंध लागू आहेत. छायाचित्र घेऊन परतणे हाच त्यांच्यासाठी योग्य मार्ग होय.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करण्यात येतात आणि लोकांच्या सहभागातून लोकजैवविविधता नोंदवह्या तयार केल्या जातात. वर सांगितलेली छायाचित्रे, ठसे आणि स्थानिक नावे यांना या नोंदवहीत हक्काची जागा मिळू शकते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला. तत्पूर्वीपासून तेथे अभ्यासगटांतून चर्चा करून निर्णय घेण्याची पद्धत रुजलेली होती. अळंबीची नोंद हा अशा अभ्यासगटांसाठी अत्यंत योग्य विषय होय. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील बिजापूर येथून आरंभ झालेल्या वनधन योजनेसारख्या उपक्रमांतून वाळवणी, प्रतवारी आणि वेष्टन यांची सोय होऊ शकते. मात्र जातीची खात्रीशीर ओळख पटल्याविना विक्री सुरू झाली, तर एका घरातील चूक दूरच्या शहरातील ताटापर्यंत पोहोचेल.

पुढील दिशा

याबाबत तीन गोष्टी तातडीने करता येण्यासारख्या आहेत. पहिली, प्रत्येक वनप्रदेशासाठी तेथील खाद्य व विषारी अळंबीची सचित्र भित्तिपत्रके स्थानिक बोलीत तयार करून हंगामापूर्वी शाळा, अंगणवाड्या, आठवडी बाजार आणि चहामळ्यांच्या वसाहतींत लावणे. दुसरी, आशा कार्यकर्त्या व प्राथमिक आरोग्य केंद्रांना उशिरा दिसणाऱ्या लक्षणांविषयी प्रशिक्षण देणे. तिसरी, कृषी विद्यापीठे व महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी आसपासच्या ग्रामसभांशी जोडून घेऊन नमुन्यांची ओळख पटवून देणे.

जाणत्या वृद्ध स्त्रियांची पिढी हळूहळू कमी होत आहे. तरुण मुले शिक्षण व रोजगारासाठी बाहेर पडत आहेत. रानात आजीच्या मागोमाग चालत मिळणारे ज्ञान शाळेच्या पुस्तकात नाही आणि एकदा तुटलेली ही साखळी पुन्हा जोडणे कठीण आहे. अर्धवट ज्ञान तर अज्ञानाहूनही धोक्याचे ठरते. कारण ज्याला काहीच ठाऊक नाही तो अळंबीला हात लावत नाही आणि ज्याला थोडे ठाऊक आहे तो ती घरी आणतो. आजीचे ज्ञान आणि नातवाच्या हातातील कॅमेरा यांची वेळीच सांगड घातली गेली, तर पावसाळ्याची ही देणगी पुढील पिढ्यांनाही निर्धोकपणे लाभत राहील.